वारकऱ्याची तागडी : रोख विक्री आणि अल्प नफा

॥ रामकृष्णहरि ॥

गळ्यात तुळशीची माळ आणि हातात तागडी असे पुष्कळ बंधू आपल्या संप्रदायात आहेत. कोणाचे गावात वाणसामानाचे दुकान आहे, कोणी आठवड्याच्या बाजारात मिरची-मसाला मांडतो, कोणी पंढरीत बुक्का, अष्टगंध, चुरमुरे आणि माळा विकतो. पूर्वी हे काम एका ज्ञातीचे समजले जाई. आज गादीवर कोणीही बसतो, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु जो गादीवर बसला त्याला गादीचा धर्म लागू झाला. एकादशीला भगर चालते की नाही, ही विचारणा आमच्याकडे नित्य होते. एरव्हीच्या दिवशी तागडीत काय चालते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

मनूने पाचव्या अध्यायात शुद्धीची अनेक साधने सांगितली आहेत, आणि त्या सर्वांत अर्थाची, म्हणजे पैशाची शुद्धी श्रेष्ठ ठरविली आहे. माती आणि पाणी लावून जो शुद्ध झाला तो खरा शुद्ध नव्हे, असा तेथील अभिप्राय. चंद्रभागेत बुडी मारणाऱ्या आपणा सर्वांनी हे ध्यानात धरावे. स्नान अंगाचे होते, गल्ल्याचे होत नाही. गल्ला शुद्ध ठेवायचा तर तो दुकानातच, रोजच्या रोज, एकेका पुडीगणिक ठेवावा लागतो.

शास्त्रात एखाद्या गोष्टीचा निर्णय करताना विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय अशा पाच पायऱ्यांनी जातात. मीमांसक याला अधिकरण म्हणतात. त्याच पायऱ्यांनी आपण जाऊ. वाट लांब नाही, मुक्काम पाचच आहेत.

विषय

विषय असा की, दुकानदाराने माल चोख ठेवावा, वजन पुरे द्यावे, नफा थोडा घ्यावा आणि विक्री रोखीने करावी. या चार गोष्टी वेगळ्या दिसल्या तरी एकाच दोरीचे चार पदर आहेत. विक्री रोखीची नसेल तर नफा थोडा ठेवून निभत नाही. नफा थोडा नसेल तर रोख विक्री गिऱ्हाइकाला जाचते. आणि बोलण्यात नफा थोडा धरून दांडी मारली, किंवा मिरचीपुडीत विटकरीचा भुगा आणि तूरडाळीत लाखेची डाळ घातली, तर तो थोडा नफा नव्हेच. तो लपविलेला मोठा नफा झाला. दुसऱ्याच लाकडाचे मणी तुळशीचे म्हणून भाविकाच्या गळ्यात घालणे हे तर पापावर गंध लावण्यासारखे आहे.

रोख म्हणजे नाणी आणि नोटाच असे मात्र समजू नये. २०१६ सालापासून यूपीआयची सोय झाली आणि आता भाजीवालीच्या पाटीजवळही मोबाईलने पैसे देण्याची चौकट दिसते. तेही रोखच. माल हाती आला, दाम त्याच क्षणी पोचले आणि मागे वहीत ओळ राहिली नाही, म्हणजे ती विक्री रोखीची.

संशय

'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी पुष्कळ दुकानांत टांगलेली असते. गिऱ्हाईक ती वाचून हसते, दुकानदारही हसतो, आणि उधारीची वही पुढे ओढली जाते. पाटी एक सांगते आणि वही दुसरे सांगते.

पालखीच्या वाटेवरील एका गावी आम्ही हा विषय निरूपणात घेतला होता. कीर्तन आटोपल्यावर एक किराणा दुकानदार जवळ येऊन म्हणाला, "बुवा, रोखीनं विकावं हे पटतं. पण माळकरी माणसानं दारात आलेल्याला 'आधी पैसे ठेव, मग पुडी घे' म्हणायचं, हे बरं दिसतं का?"

आम्ही बोलण्यापूर्वीच मागे बसलेली एक शेतमजूर माउली म्हणाली, "म्हाराज, रोखीचा वाणी चांगलाच हाय. सस्तात देतोय, माप बी भरून देतोय. पर आमाला हजेरी मिळती बाजारच्या दिशी. तवर चार दिस पोरास्नी काय घालू? उधारीचा वाणी लुटतोय खरा, पर चूल त्योच पेटवतो."

त्या बाईचे म्हणणे हसून सोडून देण्याजोगे नव्हते. संशय हाच : रोख आणि अल्प नफ्याची विक्री हा धर्म, की तो केवळ दुकानदाराच्या सोयीचा शहाणपणा? दया उधारीत आहे, की रोखीत?

पूर्वपक्ष

रोखीच्या आणि अल्प नफ्याच्या विरुद्ध तीन म्हणणी मांडली जातात.

पहिले म्हणणे ग्रंथाच्या आधाराने येते. गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती, गोपालन आणि व्यापार ही वैश्याची स्वाभाविक कर्मे सांगितली आहेत. त्यावर भाष्य करताना ज्ञानोबारायांनी स्वस्ताईत घेतलेला माल महागाईत विकण्याचा उल्लेख केला आहे. मग, "माउलींनीच महाग विकणे हे कर्म म्हटले, तर आम्ही नफा थोडा का घ्यावा?" असे कोणी विचारतो.

दुसरे म्हणणे संतचरित्राच्या आधाराने येते. महिपतीबुवांनी तुकोबारायांची कथा सांगितली आहे, की ते मिरचीची पोती घेऊन कोकणात विक्रीला गेले, लोकांनी आपल्या हाताने माप भरून माल नेला आणि पैसे राहून गेले. पुढे देवानेच वसुली करून दिली. "तुकोबांनी उधार दिले, मग आम्ही का देऊ नये?"

तिसरे म्हणणे त्या शेतमजूर माउलीचे. गरिबाच्या हाती रोज पैसा नसतो. रोखीचे दुकान ज्याच्याजवळ आहे त्याच्यासाठी उघडे आणि ज्याच्याजवळ नाही त्याला बंद. तेव्हा उधारी हीच भूतदया.

तिन्ही म्हणण्यांत काही तथ्य आहे. तीच उत्तरे देण्याच्या क्रमाने घेऊ.

उत्तरपक्ष

पहिल्या म्हणण्याचे उत्तर. माउलींनी तेथे व्यापाराचे रूप सांगितले आहे, नफ्याचे माप सांगितलेले नाही. जेथे जिन्नस मुबलक तेथून घ्यावा आणि जेथे उणा तेथे पोचवावा, यातच व्यापाऱ्याचे कष्ट आणि उपयोग आहेत. घेतल्या भावाने विकले तर त्याचे पोट कसे भरेल? प्रश्न आहे तो वर किती घ्यावे याचा, आणि त्याचे उत्तर धर्मशास्त्राने आकड्यांत दिले आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत सांगितले आहे की, जो माल घेतो आणि लगोलग विकतो, त्याने स्वदेशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० नफा घ्यावा. कौटिल्यानेही अर्थशास्त्रात देशी मालास शेकडा ५ आणि परदेशी मालास शेकडा १० हीच मर्यादा घालून दिली आहे.

याज्ञवल्क्याच्या वचनातील 'लगोलग' या अटीकडे लक्ष द्यावे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत तिचा विस्तार केला आहे. ज्याचा माल पुष्कळ काळाने विकला जातो, त्याचा नफा काळाच्या मानाने वाढवून धरावा, असा त्याचा आशय. म्हणजे वेळ हाही खर्च आहे, हे आपल्या शास्त्रकारांनी केव्हाच ओळखले होते. अल्प नफ्याचे रहस्य या एका अटीत आहे. पैसा लवकर परत आला तर थोड्यावर भागते. अडकून पडला तर थोड्यावर भागत नाही.

हे हिशेबाने पाहू. समजा, दोन दुकानदार आहेत आणि दोघांचेही भांडवल १ लाख रुपये आहे.

पहिला उधारीने विकतो. त्याचे पैसे तीन महिन्यांनी येतात, म्हणून भांडवल वर्षात चार वेळा फिरते. त्याने शेकडा १५ नफा लावला. प्रत्येक फेरीत १५ हजार, चार फेऱ्यांत ६० हजार. परंतु त्याची वर्षाची विक्री ४ लाख ६० हजारांची, आणि त्यात शेकडा ५ वसूल झाले नाहीत असे धरले तर २३ हजार बुडाले. उरले ३७ हजार. शिवाय वसुलीच्या फेऱ्या, भांडणे आणि तुटलेली मने वेगळीच.

दुसरा रोखीने विकतो. त्याचा माल महिन्यात संपतो आणि पैसा हाती येतो, म्हणून भांडवल वर्षात बारा वेळा फिरते. त्याने शेकडा ५ च नफा लावला. प्रत्येक फेरीत ५ हजार, बारा फेऱ्यांत ६० हजार. बुडीत काही नाही. दुकानभाडे आणि वीज दोघांनाही द्यायचीच आहे. दुसऱ्याला माल तिप्पट हलवावा लागतो, म्हणून राबणूक अधिक, हे मान्य. पण त्याची झोप शांत असते.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. दुकानदाराला १०० रुपयांना पडलेला जिन्नस पहिल्याकडे ११५ रुपयांना आणि दुसऱ्याकडे १०५ रुपयांना मिळतो. ज्या घरात महिन्याला ४ हजार खरेदीभावाचे सामान लागते, ते घर पहिल्याला ४,६०० आणि दुसऱ्याला ४,२०० रुपये देते. महिन्याला ४०० म्हणजे वर्षाला ४,८०० रुपयांचा फरक पडला. एका माणसाच्या आषाढी वारीला तेवढे पुष्कळ झाले.

आणखी एक गोष्ट या हिशेबात दडलेली आहे. पहिल्या दुकानदाराचे जे २३ हजार बुडाले, ते भरून काढण्यासाठीच तो भाव चढा ठेवतो. म्हणजे न देणाऱ्याचे कर्ज देणाऱ्याच्या पुडीत बांधलेले असते. जी माउली शनिवारी आपली उधारी इमानाने फेडते, ती न फेडणाऱ्याची बाकीही फेडीत असते, आणि हे तिला कोणी सांगत नाही. उधारीची दया दिसायला गोड खरी. तिचे मोल मात्र दुसराच गरीब देतो.

आता वजनाची आणि सचोटीची गोष्ट. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली आणि तुलाधार यांचा संवाद आहे. जाजली मोठा तपस्वी. तो इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटेत घरटे केले, अंडी घातली, पिले झाली आणि उडूनही गेली. त्याला वाटले, धर्म आपल्याला साधला. तेव्हा आकाशवाणी झाली की, वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली शोधीत गेला, तो तुलाधार दुकानात माल विकीत बसलेला. रंग, सुगंधी द्रव्ये, नाना प्रकारचे रस तो विकी. मद्य मात्र विकत नसे. त्याने आपले रहस्य सांगितले ते एवढेच, की मी दुसऱ्याकडून माल घेतो आणि कपट न करता विकतो. माझी तागडी सर्व प्राण्यांना सारखी आहे.

तपस्व्यापेक्षा वाणी मोठा का ठरला? जाजलीपुढे मोह नव्हता. तुलाधारापुढे तो दिवसातून शंभरदा येत होता. प्रत्येक वेळी तागडी उचलली की बोट लावावे की न लावावे हा प्रश्न होता, आणि प्रत्येक वेळी त्याने बोट लावले नाही. पालखीच्या वाटेवरील दुकानदारांची परीक्षाही अशीच होते. सासवड, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी येथे एका रात्री लाखो माणसे उतरतात. हे गिऱ्हाईक उद्या पुढे जाणार, ओळखीचे नाही, परत येऊन भांडणार नाही. त्या रात्री जो दुकानदार तेल, गूळ आणि साबुदाणा आदल्या दिवशीच्याच भावाने देतो, त्याच्या दुकानात तुलाधार बसला आहे असे समजावे.

मनूने आठव्या अध्यायात राजाला आज्ञा केली आहे की वजनेमापे दर सहा महिन्यांनी पारखून घ्यावीत. आज ते काम वैध मापन खात्याकडे आहे. २००९ च्या कायद्याखाली वजनांची पडताळणी दोन वर्षांनी आणि विजेच्या काट्याची दरवर्षी करून घ्यावी लागते. १९५८ पासून शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. मापे बदलली, पण मापातले पाप काही नवे झाले नाही. तसेच पाकिटावर छापलेली किंमत ही कमाल मर्यादा आहे. तेवढी घेतलीच पाहिजे अशी कोणाची आज्ञा नाही. त्याहून कमी घेणे हा दुकानदाराचा अधिकार आहे आणि माळकऱ्याचे भूषण आहे.

ही रीत दूर देशीच्या कष्टकऱ्यांनीही अनुभवून पाहिली आहे, तिचे उदाहरण घेऊ. आपल्या नामदेवरायांचा धंदा शिंप्याचा, कबीरांचा विणकऱ्याचा. इंग्लंडात मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचे गाव आहे, तेथेही विणकरच पुढे आले. २१ डिसेंबर १८४४ रोजी तेथील २८ जणांनी, ज्यांत बरेच विणकर होते, २८ पौंडांचे भांडवल जमवून लहानसे दुकान उघडले. माल तो काय? पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. त्या काळी पिठात आणि साखरेत भेसळ सर्रास होती आणि मजूर दुकानदाराच्या उधारीत रुतलेला असे. यांनी नियम केले : माल शुद्ध, वजन पुरे, विक्री रोख. भाव त्यांनी बाजाराचाच ठेवला, परंतु जो नफा उरे तो ज्याने जितकी खरेदी केली त्या मानाने त्यालाच परत वाटला. नफा थोडा घेणे आणि घेतलेला परत देणे, दोहोंचे फळ एकच. जगभरच्या ग्राहक सहकारी भांडारांनी पुढे हाच कित्ता गिरविला. मुंबईत गिरणगावच्या कामगारांनी १९४८ साली सुरू केलेला अपना बाजार हाही त्याच वाटेवरचा. ध्यानात घेण्यासारखे हे की, रॉचडेलात रोखीचा नियम सावकाराने केला नाही. ज्यांनी उधारी भोगली होती त्या गरिबांनीच तो स्वतःसाठी केला.

दुसऱ्या म्हणण्याचे उत्तर. तुकोबारायांचे कोकणातील चरित्र वंदनीय आहे, परंतु वैराग्याची लीला हा व्यवहाराचा नियम होत नाही. ज्याची वसुली देव करतो त्याने माप गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे. आपली वसुली करायला आपण स्वतः जातो, दाराशी उभे राहतो आणि प्रसंगी तोंडही सोडतो. तुकोबांचे अनुकरण करायचे तर अर्धे करून चालत नाही.

तुकोबांच्या चरित्रातील दुसरा प्रसंग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. घराणे देहूचे महाजन, दुकान वडिलार्जित. १६३० साली, म्हणजे शके १५५२ मध्ये, महाराष्ट्रात घोर दुष्काळ पडला. दुकान बसले, दिवाळे निघाले, थोरली पत्नी अन्नावाचून गेली. या दुःखातून ते विठ्ठलाकडे वळले, आणि मग लोकांकडील येण्याची जी खते घरात होती त्यांची बंधू कान्होबांबरोबर वाटणी करून, आपल्या वाट्याची अर्धी खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. आम्ही कीर्तनात हा प्रसंग त्यागाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण व्यापाऱ्याने त्यातून आणखी एक धडा घ्यावा. खत बुडाले तेव्हा दोघे सुटले. देणेकरी भीतीतून सुटला आणि घेणेकरी आशेतून. सावकाराला पाहून तोंड चुकविणारा शेजारी त्या दिवसापासून समोरून 'रामकृष्णहरि' म्हणू लागला असेल.

मग आमचे म्हणणे असे : जे खत शेवटी इंद्रायणीत बुडवावे लागते, ते मुळात लिहूच नये. तुकोबांच्या वाट्याला आलेली खते जुनी होती, म्हणून त्यांना बुडवावी लागली. आपण आज दुकान मांडतो आहोत. आपल्या हाती कोरी वही आहे. रोखीची विक्री म्हणजे ती वही कोरी ठेवणे. गिऱ्हाईक दुकानातून उतरले की ते आपले मिंधे नाही आणि आपण त्याचे नाही. उद्या दिंडीत दोघे एकाच टाळात उभे राहू शकतात. एकाच्या मनात "याचे द्यायचे आहेत" आणि दुसऱ्याच्या मनात "याच्याकडून यायचे आहेत" असे असेल, तर मुखात विठ्ठल आणि मनात बाकी अशी गत होते.

आता तिसरे म्हणणे, त्या शेतमजूर माउलीचे. "रोखीने तुझे भलेच होईल" असे सांगून तिची बोळवण केली तर ती अर्धी फसवणूक ठरेल. तिचा प्रश्न भावाचा नाही. तो मजुरी मिळण्यापूर्वीच्या चार दिवसांचा आहे. तो केवळ रोखीने सुटत नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

पण तिची उधारी नीट पाहा. शनिवारी हजेरी मिळाली की ती मागच्या आठवड्याची बाकी देते, आणि हात रिकामे झाले म्हणून पुढच्या आठवड्याचे सामान पुन्हा उधार आणते. असे वर्षानुवर्षे चालते. म्हणजे तिच्यावर वर्षाचे कर्ज नाही. ती फक्त एका आठवड्याने मागे आहे. समजा, तिचे आठवड्याचे सामान ७०० रुपयांचे आहे. एकदाच, फक्त एकदा, कोणी ते ७०० रुपयांचे सामान तिला दिले, तर त्या शनिवारची हजेरी तिच्या हातात शिल्लक राहील आणि तेव्हापासून ती जन्मभर रोखीची, स्वस्त भावाची गिऱ्हाईक होईल. जी गाठ दहा वर्षे सुटली नाही ती एका आठवड्याच्या शिध्याने सुटते.

हा शिधा कोणी द्यावा? पहिला मान दुकानदाराचा. थोड्या नफ्यातलाही थोडा भाग त्याने बाजूला काढावा आणि तो दान म्हणून द्यावा, उधार म्हणून नव्हे. एकट्याला झेपत नसेल तर गावच्या भजनी मंडळाने द्यावा. आषाढी-कार्तिकीला जे अन्नदान होते ते पुण्यप्रद आहेच. त्याबरोबर गावातील दोन-चार घरे दरवर्षी अशी उधारीतून वर काढली, तर पाच-सात वर्षांत गावातील वही कोरी होईल.

येथे एक भेद सांभाळावा. विक्री ही विक्री असू द्यावी आणि दान हे दान. दोन्ही एका पुडीत बांधले की दोन्ही नासतात. उधार देऊन भाव चढा लावला तर ते दान राहत नाही. 'धर्मादाय' म्हणून गिऱ्हाइकाच्याच बिलात पैसा लावून तो आपल्या नावाने दिला तर तेही दान नव्हे. दान आपल्या ताटातले काढून द्यायचे असते. तसेच कर्ज देणे हे ज्यांचे काम, म्हणजे सोसायटी, बँक, बायकांचे बचत गट, त्यांनी ते द्यावे. मिठाच्या पुडीत कर्ज बांधू नये.

निर्णय

तात्पर्य, रोख आणि अल्प नफ्याची चोख विक्री हा धर्म आहे. परंतु तो दानाच्या जोडीने. दानावाचून रोख ही कोरडी, आणि रोखीवाचून दया ही दुसऱ्याच्या खिशातली. या निर्णयाप्रमाणे वागण्यासाठी माळकरी दुकानदाराने पुढील नियम धरावेत.

१. भाव पाटीवर लिहावा आणि तो सर्वांना एकच ठेवावा. पाटलाला एक, मजुराला एक असे नको.

२. पावशेराला जो दर तोच पाच किलोला ठेवावा. गरीब थोडे थोडे घेतो म्हणून त्याच्याकडून अधिक घेऊ नये. रोखीचे दुकान गरिबाचे व्हायचे ते या नियमानेच.

३. काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे असावे आणि रिकामे पारडे सारखे आहे हे त्याला आधी दिसावे.

४. जो जिन्नस आपल्या घरच्या स्वयंपाकात घालणार नाही तो विकू नये. कीड लागली असेल तर तसे सांगून विकावा अथवा टाकावा.

५. दुष्काळ, पूर, यात्रा यांत भाव वाढवू नये. घाऊक खरेदी महागली तर तेवढीच वाढ करावी आणि कारण सांगावे.

६. आजारपण, मयत, बाळंतपण अशा अडल्या वेळी मागे पाहू नये. जे द्यायचे ते त्याच भावाने द्यावे. परत आले तर उसने होते असे समजावे, न आले तर दान होते असे समजावे. मागायला जाऊ नये.

गिऱ्हाईक वारकऱ्यालाही धर्म आहे. तागडीला दोन पारडी असतात. जो दुकानदार थोड्या नफ्यावर चोख माल देतो त्याच्याशी घासाघीस करू नये. पैसे असतील तेव्हा शहरात जाऊन खरेदी आणि नसतील तेव्हा गावच्या वाण्याकडे उधारी, असे करू नये. त्याने गावचा सचोटीचा दुकानदार बसतो. आणि वारीला निघण्यापूर्वी वाण्याची वही कोरी करावी. पडशीत कपडे भरण्याआधी हे काम करावे. ते जमत नसेल तर दुकानदाराला भेटून तसे सांगावे. तोंड चुकवून वेशीबाहेर पडू नये. चोखामेळा, गोरोबा, सावतोबा, नरहरी, सेना हे सारे आपापल्या कामात राहून विठ्ठलाला पोचले. काम सोडून पोचण्यापेक्षा काम चोख करून पोचणे ही आपल्या संप्रदायाची रीत आहे.

त्या दुकानदाराला आम्ही त्या रात्री हेच सांगितले. "आधी पैसे ठेव" हे शब्द कठोर वाटत असतील तर ते म्हणू नयेत. पुडी हातात द्यावी, भाव सांगावा आणि हसून हात पुढे करावा. आणि ज्या घरी पुढच्या शनिवारपर्यंत चूल थंड राहणार हे आपल्याला ठाऊक आहे, त्या घरी तिने मागण्यापूर्वी एक आठवड्याचा शिधा पोचता करावा. मग पाटी खुशाल टांगावी. ती तेव्हा खरी बोलेल. असो. अलम् विस्तरेण.

॥ रामकृष्णहरि ॥